बेळगावच्या ख्रिस्ती इतिहासावर पीएच.डी. करायचीय? आधी कागद कुठे आहेत ते बघा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या मुलांना ख्रिस्ती श्रद्धा आणि समाजजीवन हा विषय उच्च शिक्षणात घ्यायचा आहे, त्यांनी पहिल्यांदा एक ठरवावं: पाळक व्हायचंय की अभ्यासक? दोन्ही चांगलंच, पण रस्ते वेगळे आहेत आणि चुकीच्या रस्त्यावर गेलेली चार वर्षं परत मिळत नाहीत.

पाळकपणाची पदवी म्हणजे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी). ती सेरामपूर सिनेट या ईशविद्येच्या पदव्या देणाऱ्या संस्थेशी संलग्न कॉलेजांत मिळते, उदाहरणार्थ बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज किंवा पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी. त्यानंतर ईशविद्येतली पदव्युत्तर पदवी एम.टीएच., दोन वर्षांची. मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, शिफारसपत्र सहसा लागतंच. बी.डी. करून पुढे सरकारी विद्यापीठात पीएच.डी.ला जायचा विचार असेल तर त्या विद्यापीठाकडून पदवीची समकक्षता आधीच लेखी विचारून घ्या. तोंडी ‘चालेल’ ऐकून गेलेली मुलं प्रवेशाच्या वेळी अडकतात.

विद्यापीठात ख्रिस्ती अभ्यासाचा स्वतंत्र विभाग म्हैसूरला आणि मद्रासला आहे. पण आपल्या भागातल्या मराठी मुलांना आम्ही तिसरा रस्ता सुचवू: राणी चन्नम्मा किंवा शिवाजी विद्यापीठातून मराठी, इतिहास वा समाजशास्त्रात एम.ए. करा आणि ख्रिस्ती विषय संशोधनासाठी राखून ठेवा. नोकरीच्या वाटा मोकळ्या राहतात. नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला ‘धर्मांचा तौलनिक अभ्यास’ हा विषयही आहे. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आता कागदांकडे या, कारण बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. बेळगावचे कागद बेळगावात नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये इथे काम सुरू केलं. तिची पत्रं लंडनला सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) या संस्थेच्या ग्रंथालयात आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनकडे गेलं, म्हणजे त्यापुढचे अहवाल तिसऱ्याच दिशेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हा मुंबईकडे होता, म्हणून ब्रिटिशकाळातले सरकारी दप्तर बंगळुरूत शोधून उपयोग नाही, मुंबईच्या पुराभिलेखागारात जा. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. त्याआधीचा मोठा धागा गोव्याकडे जातो, तिथे पोर्तुगीज आलं. विषय नोंदवण्यापूर्वी हे सगळं एका कागदावर मांडा: कोणत्या काळाचा कागद, कुठे, कोणत्या भाषेत.

भाषांचंही तसंच. कन्नड नीट वाचता येत नसेल तर या जिल्ह्यातल्या मिशनचं अर्धं काम नजरेआड राहतं. मोडी शिकायला सहा महिने वेगळे काढा आणि ते पीएच.डी.च्या आधीच काढा. नियमाने तीन ते सहा वर्षं मिळतात, त्यातच किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क असतं.

मिशनची पत्रं वाचताना हे विसरू नका की ती देणगीदारांसाठी लिहिलेली आहेत. बाप्तिस्म्यांचे आकडे ठळक, ज्यांचे बाप्तिस्मे झाले ती माणसं गप्प. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ शेजारी ठेवून वाचा. त्यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचाच, शिक्षणाची सुरुवातही इथल्या मिशन शाळेत. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारा माणूस आपल्या गावचा, आणि इथल्या मुलांना ते माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

सार्वजनिक जीवनाच्या अंगाने विषय हवा असेल तर सीमाभागाइतकी चांगली जागा नाही. घटनेच्या कलम ३० ने धर्म आणि भाषा या दोन्ही आधारांवर अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिलाय. अल्पसंख्याक कोण हे राज्यानुसार ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या टी.एम.ए. पै निकालाने २००२ मध्ये सांगितलं. म्हणजे निपाणीतला मराठी ख्रिस्ती माणूस दोन्ही अर्थांनी अल्पसंख्याक, आणि कागलला राहायला गेला की भाषेपुरता बहुसंख्य. इथली एखादी शाळा कोणत्या आधारावर उभी राहिली, कोणत्या भाषेत शिकवत आली आणि ती भाषा का बदलली, एवढ्यावर प्रबंध होतो. ‘बेळगाव जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज’ असा विषय मात्र घेऊ नका, तो कधी संपत नाही. एक शाळा किंवा एक मंडळी आणि तीस वर्षं, एवढं पुष्कळ.

चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या मागताना फार जपून. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही; कर्नाटकात ते मागासवर्गीयांच्या यादीतल्या प्रवर्ग १ मध्ये येतात. त्यामुळे जुन्या वहीतली एक ओळ आजच्या घरातल्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर येऊ शकते. हयात माणसांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावं प्रबंधात घालू नका, पानांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पाळकांना किंवा धर्मगुरूंना मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र द्या, त्यात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या वह्या हव्यात ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पाळकांची बदली होते. नवीन आलेल्यांना दाखवायला तो कागद लागतो.