ऑर्गनवाल्याचा जॅझ-रॉक बँड: जुळवणी ते पहिलं रेकॉर्डिंग

आधी ठरवा, बेस कोण वाजवणार. आपल्या सीमाभागात कीबोर्डवर येणारे बरेचजण भजनी मंडळातल्या पेटीवर तयार झालेले असतात. उजवा हात सुरेख पळतो, पण डावा कायम भात्यावर राहिलेला. ऑर्गनवर त्याच डाव्या हाताने बेस धरायचा असतो. रोज अर्धा तास मेट्रोनोम ६० वर ठेवून नुसता डावा हात घोटा, मग वर उजव्याचे कॉर्ड घाला. तोवर बेस गिटारवाला घेतलात, तर डाव्या हाताकडचा १६ फुटी ड्रॉबार (आवाजाचे थर कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांपैकी सर्वांत खर्जाची) पूर्ण आत ढकला. नाहीतर दोघे खाली एकाच जागी घुमतात आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बुडतो.

वरातीच्या बँडमधला ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनवाला जरूर घ्या, त्यांचा दमसास मोठा असतो. नोटेशन मात्र वेगळं लिहून द्या: ऑर्गनचा सी म्हणजे ट्रम्पेटचा डी आणि आल्टो सॅक्सचा ए.

जुना अमेरिकन हॅमंड बी-३ ऑर्गन मागवू नका. त्याची चक्रं विजेच्या ६० हर्ट्झवर फिरतात. आपल्या ५० हर्ट्झवर अख्खं वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडं जास्तच उतरतं. नऊ ड्रॉबारचा डिजिटल क्लोन, म्हणजे हॅमंडची नक्कल करणारा कीबोर्ड, पुरतो. पहिले तीन बार पूर्ण बाहेर, बाकी आत, पर्कशन (स्वराच्या सुरुवातीचा ठोका) तिसऱ्या हार्मोनिकवर, इथून सुरुवात करा. सस्टेन पेडलची सवय मोडा, स्वर बोटांनीच जोडायचे.

रेकॉर्डिंग दसरा ते तुळशीच्या लग्नादरम्यान, दिवाळीचे फटाक्यांचे दिवस वगळून ठेवा. पत्र्यावरचा पाऊस बहुधा ओसरलेला असतो आणि लग्नसराई सुरू न झाल्याने मंगल कार्यालयं रिकामी मिळतात. हॉल घुमतो, म्हणून ड्रमच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा टांगा.

ऑर्गन, ड्रम, गिटार असे तिघेच असाल तर आठ इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारं यंत्र) बरोब्बर पुरतो: किक, स्नेअर, ड्रमच्या वर दोन, गिटारला एक, लेस्लीला (ऑर्गनचा फिरता स्पीकर) तीन. लेस्लीच्या फिरत्या हॉर्नपासून फूटभर अंतरावर, एकमेकांशी काटकोनात दोन माइक लावा. तिसरा लेस्लीच्याच खालच्या फिरत्या ड्रमला. हॉर्नच्या फार जवळ गेलात तर वाऱ्याची फडफड येते. लेस्ली नसेल तर क्लोनच्या दोन लाइन थेट घ्या.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाजही उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण येते, तेव्हा लॅपटॉप आणि इंटरफेस साइन वेव्ह यूपीएसवर घ्या. सगळ्यांनी एकत्रच वाजवा आणि प्रत्येक रचनेचे तीनच टेक घ्या. चौथ्यापासून सोलो पाठ केल्यासारखे येऊ लागतात.