ओके कुठं म्हणायचं, कुठं टाळायचं आणि हा शब्द आला कुठनं

आपल्या सोलापुरात कुणालाही विचारा, काय कसं चाललंय, तर "एकदम ओक्के" म्हणणार, म्हणजे झकास चाललंय, काय टेन्शन नाय. २०२२ मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्के" असं बोलले आणि आपला हा ओक्के अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. पण तोच अर्थ डोक्यात ठेवून इंग्रजीत ओके टाइप केलं की समोरच्याला भलतंच कळतं, म्हणून हे लिहायलोय, खास करून जे टॉवेलच्या कारखान्यातनं बाहेरदेशच्या पार्टीला मेल करतात किंवा पुण्यात नोकरीला लागलेत त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी हे बघा की समोरचा नक्की काय विचारायलाय. चालेल की नाही, पास की नापास असा प्रश्न असेल तर ओके पक्कं उत्तर आहे, चेकिंगच्या रिपोर्टवर ओके लिहिलं म्हणजे माल पास, विषय संपला. पण कसंय, किती चांगलंय असा प्रश्न असेल तर इंग्रजीत ओके म्हणजे फक्त बरंय. घरी शेंगा चटणी कशी झालीय विचारल्यावर आपण नुसतं "ठीकै" म्हणलो तर करणाऱ्याचा चेहरा पडतो ना, अगदी तसंच. पार्टीनं विचारलं नवीन टॉवेलची क्वालिटी कशीय आणि तुम्ही मनापासून भारी म्हणायचं म्हणून "क्वालिटी इज ओके" पाठवलं तर तो समजणार की ह्यांनाच ह्यांचा माल काय खास वाटंना. तिथं सरळ गुड किंवा एक्सलंट लिहा.

दुसरी गोष्ट, आपण फोनवर "ओके ओके" करतो ते बऱ्याचदा नुसतं ऐकलं ह्या अर्थानं. पण मेलमध्ये कुणी विचारलं की शुक्रवारपर्यंत माल निघेल का आणि तुम्ही ओके पाठवलं तर ते तुमचा शब्द धरून बसणार. फक्त वाचलंय, विचारून सांगतो असं असेल तर "नोटेड, विल कन्फर्म टुमारो" एवढं टाका, दहा सेकंद लागतात आणि पुढची भांडणं वाचतात.

चॅटवर नुसतं "के" पाठवू नका, ते तुसडं वाटतं. "ओके, थँक्स" बरं, "शुअर" त्याहून बरं. स्पेलिंग दोन कॅपिटल अक्षरांचं काय आणि पूर्ण चार अक्षरांचं काय, दोन्ही बरोबर, फक्त एका पत्रात एकच ठेवा. करारात किंवा सरकारी पत्रात मात्र अप्रूव्हड, ॲग्रीड असेच शब्द वापरा.

आता आला कुठनं, हे मला सगळ्यात जास्त आवडतं. १८३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बोस्टनच्या पेपरवाल्यांत एक फॅड होतं, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायचं आणि त्याचं शॉर्टफॉर्म छापायचं. ऑल राइटचं त्यांनी ओ डब्ल्यू केलं होतं, कारण राइटच्या आधी एक डब्ल्यू घुसडला. तसंच ऑल करेक्टचं "ओल कोरेक्ट" करून २३ मार्च १८३९ च्या बोस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये ओ के छापलं. बाकीचे शॉर्टफॉर्म मेले, हा जगला, कारण १८४० ला निवडणूक आली. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन मूळचे न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, त्यांना ओल्ड किंडरहूक म्हणायचे, त्याचंही ओ के, मग कार्यकर्त्यांनी ओके क्लबच काढले! व्हॅन ब्युरेन हरले पण शब्द देशभर पोचला. हे सगळं जुने पेपर चाळून ॲलन वॉकर रीड ह्या अभ्यासकानं १९६३-६४ मध्ये पुराव्यानिशी मांडलं.

त्याआधी लोक काहीही सांगायचे, आणि अजूनबी सांगतात. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर हा शब्द चॉक्टॉ ह्या मूळनिवासींच्या भाषेतला समजून वेगळ्या स्पेलिंगनं लिहायचे. व्हॉट्सॲपवर फिरतं की अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही सैनिक मेला नाही की "झीरो किल्ड" लिहायचे, त्यातनं ओके आला. अशी गोष्ट आली की आधी तारीख तपासा. ते युद्ध सुरू झालं १८६१ ला आणि शब्द छापून आलेला १८३९ ला, म्हणजे गोष्ट तिथंच बाद. कुठल्याही शब्दाबद्दल असं काय आलं तर हीच पद्धत लावा.

कॉम्प्युटरवरच्या ओके बटणाची गोष्ट मात्र खरीय. ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर आधी "डू इट" लिहिलेलं बटण होतं, पण त्या फॉन्टमध्ये दोन शब्दांतली जागा नीट दिसंना, म्हणून चाचणीला बसलेल्या एकानं ते "डोल्ट" (Do It चं Dolt) वाचलं, म्हणजे बावळट, आणि तो भडकला की हे यंत्र मला बावळट का म्हणायलाय. मग ओके ठेवलं.

शेवटचं, हाताची खूण. अंगठा आणि तर्जनीचा गोल करून आपण मस्त म्हणतो, पण ब्राझीलमध्ये ती घाण शिवी आहे, आणि जपानमध्ये त्याचा अर्थ पैसे असाही होतो. व्हिडिओ कॉलवर तिकडची पार्टी असेल तर तोंडानं बोला, हात खाली ठेवा.