पोस्टर छापा, पण वाजवायचे हात सांभाळून

बँडचं पोस्टर, अल्बमचं कव्हर वगैरे स्वतः स्क्रीनप्रिंट करायचं (म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवायची) तर छापणं शिकणं फार अवघड नाहीये, रियाज न बुडवता आणि हात न बिघडवता शिकणं अवघड आहे. लायटनिंग बोल्ट या अमेरिकन बँडचा ड्रमर ब्रायन चिपेनडेल वर्षानुवर्षं वाजवणं आणि छापणं दोन्ही करतोय, म्हणजे जमतं.

सुरुवातीला दोनच रंग घ्या, कारण प्रत्येक रंगाला वेगळं एक्स्पोजर, म्हणजे उजेडाने जाळीवर डिझाइन उमटवणं. कागदासाठी ७७टी ते ९०टी मेश, म्हणजे जाळी, चालते (आकडा सेंटीमीटरमागे धाग्यांचा), टीशर्टला ४३टी. डिझाइन पारदर्शक फिल्मवर काळंकुट्ट प्रिंट करा आणि उजेडासमोर धरून बघा, काळ्यातून उजेड दिसला की ती फिल्म बाद.

इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, जाळीवर पिवळ्या दिव्यात लावायचं, दोन्ही बाजूंनी पातळ, आणि स्क्रीन आडवी ठेवून अंधारात सुकू द्यायची. याला काही तास जातात आणि खरं सांगू का, रियाजाला यापेक्षा चांगला वेळ नाही, कारण स्क्रीनला हात लावायचाच नसतो! मग फिल्म स्क्रीनवर ठेवून दिवा लावायचा, काळ्याखालचं इमल्शन मऊ राहतं आणि धुतलं की तिथे जाळी उघडते. एक्स्पोजरच्या वेळेचा आकडा कुणाचा उचलू नका, तो दिवा, अंतर आणि इमल्शनवर ठरतो. पुठ्ठा थोडा थोडा सरकवत एकाच स्क्रीनवर वेगवेगळ्या वेळांची टेस्ट घ्या. वेळ कमी पडली तर धुताना इमल्शनच वाहून जातं, जास्त झाली तर बारीक रेषा उघडतच नाहीत.

छापताना स्क्रीन आणि कागदात २-३ मिमी फट ठेवा. आधी शाई हलकेच जाळीवर पसरवा, मग स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) साधारण ६० ते ७५ अंशात धरून एका दमात ओढा. आता महत्त्वाचं, मनगटाने ओढायचं नाही, मनगट सरळ ठेवून एक पाय मागे घ्यायचा आणि अंगाचा भार मागे न्यायचा, नाहीतर गठ्ठाभर पोस्टरं छापून झाली की संध्याकाळी साधा कॉर्डसुद्धा दाबवत नाही. पाण्यातली शाई जाळीत पटकन सुकते म्हणून तिच्यात थोडं रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घाला आणि मध्येच फोन घेऊ नका.

दुसऱ्या रंगाआधी कागद दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून टेबलावर तीन अडसर चिकटवा, लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि गडद किंचित फिक्यावर चढेल असं डिझाइनमध्येच करा म्हणजे पांढरी फट दिसत नाही. काही कागद वाया जाणारच, जास्तीचे आधीच घ्या. हे न केल्याने दुसऱ्या रंगाला रडणारे खूप पाहिलेत.

धुणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि वाजवणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास इथेच. हात बराच वेळ पाण्यात राहिले की बोटांचे घट्टे मऊ पडतात, मग तार दाबली की दुखतं, सोलतंसुद्धा. नायट्रिलचे ग्लोव्ह्ज घाला, इमल्शन काढायचं केमिकल असेल तर ग्लोव्ह्ज, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. प्रेशर वॉशर लावणार असाल तर कानात प्लग, बंद बाथरूममध्ये तो भयंकर आवाज करतो. आणि गिगच्या आदल्या दिवशी स्क्रीन धुवायला काढायच्याच नाहीत. शाई तेवढी लगेच पुसून टाका, इमल्शन नंतर निघतं, फक्त फार महिने पडून राहू देऊ नका, मग ते जाम सुटत नाही.