विकत घेतलेलं ई-पुस्तक गायब झालं तर

नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानातून आणलेलं पुस्तक वाचून झालं की मैत्रिणीला देता येतं, जुन्या बाजारात विकताही येतं. 'विकत घ्या' बटण दाबून घेतलेल्या ई-पुस्तकाचं तसं नाही. तिथे पैसे बहुतेक वेळा वापराच्या परवानगीचेच असतात. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली.

म्हणून खरी काळजी खरेदीच्या दिवशीच घ्यायची. बिलाचा मूळ ईमेल पुसू नका. खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात 'विकत घ्या' हे शब्द, रक्कम आणि तारीख दिसलीच पाहिजे, पुढे वाद त्याच शब्दांवर होतो. अटी नंतर बदलतात, म्हणून त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ करून ठेवा. फाइल मिळत असेल तर लगेच उतरवून घ्या आणि दुसऱ्या ॲपमध्ये उघडून पाहा. तिथे उघडली नाही तर ती त्या कंपनीच्या कुलपातच आहे, खातं बंद झालं की तीही गेली. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम 65अ खाली गुन्हा आहे, 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुस्तक गायब झालंच, तर आधी खातं तेच आहे ना, देशाची सेटिंग बदलली नाही ना, हे बघा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915.

तिथेही तड लागली नाही तर ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करा. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्ही नागपुरात राहता, एवढं इथे तक्रार करायला पुरे. मोबदला, म्हणजे खरेदीसाठी मोजलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षं.

इथे दोन चुका हमखास होतात. विरुद्ध पक्ष म्हणून ॲपचं नाव लिहितात. बिलावर ज्या कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक आहे, तिचं लिहा. दुसरी चूक म्हणजे 'अटी अन्यायकारक आहेत' यावरच सगळी तक्रार उभी करणं. अशी, म्हणजे अनुचित कराराची, तक्रार राज्य आयोगाकडे जाते. जिल्हा आयोगात 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' यांवर भर द्या, आणि पुस्तक पुन्हा उपलब्ध करणं किंवा किंमत परत, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च या मागण्या वेगवेगळ्या लिहा.