गोल्फ रिसॉर्ट बुक करण्याआधी व्हिडिओ असा बघा

जाहिरातीत प्रत्येक कोर्स हिरवागार असतो. पुण्याहून पहाटे निघून पोचावं, तर ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) डागडुजीची वाळू पसरलेली. मला हा फटका एकदा बसलाय.

१. यूट्यूबवर कोर्सच्या नावापुढे ‘१८ होल्स’ टाका आणि एखाद्या हौशी खेळाडूने शूट केलेला अख्खा राउंड उघडा. ड्रोनचे व्हिडिओ सोडून द्या, वरून चढउतार कळतच नाहीत.

२. तारीख बघा. आपल्याकडे ऑगस्टमधला हिरवेपणा मे महिन्यात नसतो.

३. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवा, पण पटिंग (ग्रीनवर चेंडू होलकडे हलकेच ढकलणं) आलं की वेग नेहमीचा करा. चेंडू टुणटुण उड्या मारत होलकडे गेला, तर ग्रीन खडबडीत आहे असं समजा. टीवरून (जिथून पहिला फटका मारतात तिथून) वाटेतलं पाणी ओलांडायला किती यार्ड मारावे लागतात तेही टिपून ठेवा. माझा चेंडू १५० यार्डांनंतर दमतो, त्यामुळे मी आधी हेच बघतो!

एवढं करूनही बुकिंगआधी फोन कराच. बाहेरच्यांना शनिवार-रविवारी खेळू देतात का, आणि त्या आठवड्यात ग्रीनची डागडुजी आहे का, हे व्हिडिओत दिसत नाही.