टूरिस्ट व्हिसावर शिकवायला जाऊ नका

थायलंडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी ठरली. परभणीचा एजंट म्हणाला, "सर, सध्या टूरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथं बघू." हे 'बघू' मला काही पटेना. टूरिस्ट व्हिसावर नोकरी तिथं बेकायदा. नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, वर वर्क परमिट वेगळं. परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंद असते त्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर या एजंटची नोंदणी शोधली, नव्हतीच. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, अन् हा गडी लाखात बोलत होता! मग शाळेलाच मेल टाकून नेमणुकीची कागदपत्रं मागवली. नांदेड विद्यापीठाच्या पदवीच्या साक्षांकनानं तेवढा जीव खाल्ला. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळालं, व्हिसाचा अर्ज थाई ई-व्हिसाच्या साइटवर घरूनच भरला.