युरिक ॲसिडची गोळी सुरू झालीये, आता पुढे काय

गाऊट म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजणं-ठणकणं, त्याच्या गोळ्या दोन जातीच्या असतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एक दुखणं उतरवणारी, म्हणजे कोल्चिसिन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब वगैरे, कधी डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देतात. दुसरी रक्तातलं युरिक ॲसिड खाली आणणारी, अ‍ॅलोप्युरिनॉल नाहीतर फेबुक्सोस्टॅट. पहिली अंगठा सुजला की घ्यायची आणि सूज उतरली की बंद, दुसरी मात्र काही म्हणजे काहीच दुखत नसतानाही रोज. आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधले एक काका बरोब्बर उलटं करतात, पाय ठणकला की अ‍ॅलोप्युरिनॉल टाकतात, चार पावलं चालता आलं की महिनाभर सुट्टी, आणि वर मलाच सांगतात की ह्या गोळीत काही दम नाही रे. कसा असेल दम? ती दुखण्याची गोळीच नाहीये, आणि बंद केली की युरिक ॲसिड पुन्हा होतं तिथे जातं.

आता महत्त्वाचं. रोजची गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने गाऊटचे अटॅक, म्हणजे सांधा अचानक सुजून ठणकणं, जास्त येऊ शकतात. हे आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस हमखास गोळी सोडतो. होतं काय, की सांध्यात वर्षानुवर्षं साठलेले युरिक ॲसिडचे खडे, स्फटिक म्हणा हवं तर, विरघळायला लागतात, जागचे हलतात आणि शरीर त्यावर चवताळून उठतं. म्हणून डॉक्टर अ‍ॅलोप्युरिनॉल साधारण 100 मिलिग्रॅमने सुरू करतात, किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी, आणि मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून हळूहळू वाढवतात. सोबत बहुतेक वेळा कोल्चिसिनचा छोटा डोस 3 ते 6 महिने देतात, तेवढ्याचसाठी. मधे अटॅक आला तर रोजची गोळी चालूच ठेवायची आणि अटॅकची वेगळी दवा लगेच सुरू करायची, जितकी लवकर तितकी बरी. ही अटॅकची दवा कुठली आणि किती, हे शांत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण रात्री अडीचला पायावर चादर टेकलेली सहन होत नसते तेव्हा कुठला डॉक्टर फोन उचलणार.

रिपोर्ट वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. लॅबच्या कागदावर पुरुषांची नॉर्मल रेंज बऱ्याचदा 7 च्या थोडी वरपर्यंत छापलेली असते, म्हणजे तुमचं 6.9 आलं तर आकडा ठळक होत नाही, बाण येत नाही, आणि घरचे म्हणतात झालं नॉर्मल, आता बंद कर. पण गाऊटवाल्याला 6 च्या खाली राहायचंय, कानावर कोपरावर गाठी आल्या असतील तर 5 च्या खालीसुद्धा सांगतात. साधारण 6.8 च्या वर गेलं की युरिक ॲसिड रक्तात विरघळून राहत नाही, खडे धरायला लागतं, हिशोब तो आहे. आणि ऐन अटॅकमधे काढलेला रिपोर्ट फसवा असतो, तेव्हा आकडा कमी दिसू शकतो, त्यामुळे अटॅक उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत काढा. युरिक ॲसिडसोबत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, आणि लिव्हरची टेस्टपण डॉक्टर सांगतील तशी. आकडा एकदा बसला की मग सहा महिन्यांनी वगैरे पुरतं.

धोक्याचं बोलू, इथे आळस नको. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, ह्यातलं काही दिसलं तर गोळी तिथेच थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, उद्या बघू नाही. क्वचित होतं पण झालं तर जिवावर बेततं. एकदा अशी रिॲक्शन आली की ती गोळी परत कधीच नाही. ॲझाथायोप्रिन, ती प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, चालू असेल तर आधी सांगा, ही जोडी घातक आहे. फेबुक्सोस्टॅट घेताय आणि हार्टचा त्रास झालेला असेल तर तेही बोला, 2019 मधे अमेरिकेत त्यावर हृदयाबाबतची कडक वॉर्निंग लागली, नंतरच्या मोठ्या अभ्यासात तो धोका दिसला नाही, पण निर्णय डॉक्टरांवर सोडा.

कोल्चिसिनला साधी गोळी समजू नका. जुलाब लागले म्हणजे डोस जास्त होतोय, अजून एक टाकू हा विचार तर अजिबात नको. घसा धरला म्हणून कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, किंवा बीपीसाठी डिल्टियाझेम, व्हेरापामिल चालू असेल, तर कोल्चिसिन रक्तात साचतं. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन सोबत असेल आणि मांड्या दुखायला, गळायला लागल्या तर कळवा. बीपीच्या काही गोळ्या, त्या लघवी जास्त करवणाऱ्या, स्वतःच युरिक ॲसिड वाढवतात, लोसार्टन उलट थोडं कमी करतं, तेव्हा बदलता येईल का विचारा, मनाने बदलू नका. हार्टसाठीची छोटी ॲस्पिरिनपण थोडं वाढवते तरी ती सोडायची नाही. आणि स्टेशनबाहेर मिळणारी बिनलेबलची पुडी, चार दिवसांत पाय मोकळा करणारी, तिच्यापासून लांब, अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

खाण्यावरून जास्त डोकं पिकवू नका, नुसत्या पथ्याने आकडा फार उतरत नाही. तुरीची डाळ, पालक बंद करायची काही गरज नाही. बिअर, कलेजी, सुकट-मांदेली आणि गोड कोल्ड्रिंक, ह्यांच्यावर हात आखडा. गटारीला मात्र आमच्या ठाण्यात सगळा संयम तलावपाळीत जातो, निदान त्या दिवशी गोळी चुकवू नका आणि पाणी भरपूर प्या, किडनी-हार्टवाल्यांनी पाणी किती ते डॉक्टरांना विचारून.

गोळीची वेळ एकच ठेवा, अ‍ॅलोप्युरिनॉल जेवणानंतर बरी पडते. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. मी गोळ्यांच्या स्ट्रिपच्या मागे मार्करने सुरू केल्याची तारीख लिहितो, संपायच्या आठवडाभर आधी मेडिकलला सांगतो. परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात जेनेरिक विचारा. आणि गणपतीला गावी निघालात की दोन्ही जातीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, गाडीच्या डिकीत नाही, गावात रात्री मेडिकल उघडं मिळेलच असं नाही आणि मोदक, जागरण, प्रवासात कमी पाणी हे सगळं एकदमच येतं.